विकतचा प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की लगेच आमच्या सोसायटीसमोरच्या कार्यालयात माणसांची लग्नं लागायला सुरुवात होते. सकाळचा दुसरा चहा हातात असतो आणि तिकडून माईकवर कुणाची तरी आत्या मंगलाष्टकं म्हणायला घेते. ही आत्या दर लग्नात वेगळी असते, पण 'सावधान'वरचा सूर सगळ्यांचा एकाच ठिकाणी फाटतो. काल यंदाची पहिली आत्या ऐकली. वैतागून मी स्वयंपाकघराची खिडकी लावली आणि लगेच परत उघडली, कारण मागोमाग जिलबीचा वास आला होता. कोथरूडात राहायचं म्हणजे आवाज सोसायचा आणि वास पदरात पाडून घ्यायचा, एवढा व्यवहार मला कळतो.

मला लग्नं आवडतात. हे सांगायला लोक उगाच लाजतात, मी लाजत नाही. थंडीतली ती सकाळची गडबड, कपाटातून काढलेल्या शालूला येणारा डांबरगोळ्यांचा वास, आणि त्यावर मारलेल्या अत्तराचा त्याच्याशी चाललेला झगडा. निशिगंधाच्या माळांखाली पाणी शिंपडून ओली केलेली फरशी. पांढरे झगे घातलेल्या खुर्च्या, ज्यांच्यावर बसलं की झगा सरकतो आणि आपणही सरकतो. आलं-कोथिंबीर घातलेला गार मठ्ठा. आणि सगळ्यात मोठं सुख म्हणजे दुसऱ्यांच्या साड्यांबद्दल मनातल्या मनात बोलणं.

पण काल तो वास आला आणि मला ती एक लग्नसराई आठवली, जिच्यात मी सगळी लग्नं एकटीने खाल्ली.

त्या वर्षी जूनमध्ये शिरीषची नोकरी गेली. शिरीष म्हणजे माझा नवरा. हिंजवडीच्या एका कंपनीत तो इतकी वर्षं होता की कंपनीची बस आमच्या चौकात त्याच्यासाठी अर्धा मिनिट जास्त थांबायची. एक दिवस त्याला मीटिंगला बोलावलं, गोड बोलले, लॅपटॉप ठेवून घेतला आणि रिक्षाने घरी पाठवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बसच्याच वेळेला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून तयार झाला आणि मग सोफ्यावर जाऊन बसला. मी विचारलं, "पोहे करू?" तो म्हणाला, "कर." एवढंच आमचं बोलणं झालं. कुणालाही सांगायचं नाही, अशी त्याची अट होती. मुलगी मुक्ता, ती बंगळूरला असते, तिला तेवढं सांगितलं. त्याच्या थोरल्या बहिणीला, हडपसरच्या कुंदाताईंना, तर अजिबात नाही.

"ताईला कळलं तर?" मी म्हटलं.

"ताईला कळलं म्हणजे हडपसरला कळलं, आणि हडपसरला कळलं म्हणजे सगळ्यांना कळलं."

यात खोटं काही नव्हतं.

मग लग्नसराई आली आणि तो कुठे येईना. पत्रिका यायच्या, तो त्या फ्रिजवर चुंबकाने लावायचा, तारीख आली की त्याचं डोकं दुखायचं. मी एकटी नटून जायची आणि मांडवात शिरल्याबरोबर बाळूकाका गाठायचे. बाळूकाका हे शिरीषच्या वडिलांच्या मामेभावांपैकी, कुठल्याही लग्नात दारापाशीच उभे असतात, अंगात तपकिरी जाकीट, आणि आवाज असा की माईक त्यांच्यापुढे कुजबुजतो. "काय मृदुला! शिरीष कुठाय? सध्या काय करतो?" झालं! मी एकदा म्हटलं हैदराबादला गेलाय. पुढच्या लग्नात विसरून म्हटलं चेन्नईला. तिसऱ्या लग्नात माझ्याच तोंडून जर्मनी निघून गेलं. मला थापा मारायची सवय नाही हो, त्यामुळे मोजमाप राहत नाही. घरी येऊन सांगितलं तर शिरीष म्हणाला, "जर्मनीत थंडी फार. स्वेटर पाठव." आणि उठून आत गेला. मला हसावं की रडावं कळेना, म्हणून मी दोन्ही थोडंथोडं केलं.

आपल्याकडे माणूस जन्मला की आधी 'कुणासारखा दिसतो' विचारतात, मग 'कितवीत', मग 'किती टक्के', आणि तिथून पुढे आयुष्यभर 'काय करता'. याचं उत्तर देता येत असतं तोवर तो प्रश्न आहे हेसुद्धा आपल्या लक्षात येत नाही. उत्तर गेलं की मात्र तो दुधवाल्याच्या तोंडी येतो, लिफ्टमध्ये येतो, दाताच्या डॉक्टरकडच्या कागदावर येतो. शिरीष दाताच्या डॉक्टरकडेही जायचा बंद झाला. दाढ ठणकत होती, तरी लवंग धरून बसला, पण त्या कागदावरचा रकाना त्याला भरायचा नव्हता.

मुक्ताला हे कळत होतं. एका रविवारी तिने फोनवर जाहीर केलं, "आई, बाबांसाठी मी गेम मास्टर ठरवलाय. म्हणजे ठरवलीय. मुलगी आहे."

मला आधी वाटलं फिजिओथेरपीचं काही असेल. मग तिने समजावलं. चार-पाच जणांनी मिळून खेळायची गोष्ट असते. प्रत्येकाने एकेक सोंग घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी चोर. गेम मास्टर सांगणार की समोर जंगल आहे, नदी आहे, राक्षस आहे. आपण सांगायचं की आपण काय करणार. जमेल की नाही हे वीस बाजूंचा फासा ठरवणार. एरवी टेबलाभोवती बसून खेळतात, आपण व्हिडिओ कॉलवर खेळायचं. आणि गोष्ट सांगणाऱ्याला दर बैठकीचे पैसे द्यायचे.

"गोष्ट सांगायचे पैसे?" हे मी नाही, कुंदाताई म्हणाल्या. मुक्ताने आत्यालाही गोळा केलं होतं, कारण चौघं लागतात आणि आत्याला रविवारी सकाळी भांडायला कुणी नसतं. कुंदाताई हायस्कुलात मराठी शिकवून रिटायर झालेल्या. हडपसरहून कोथरूडला यायचं म्हणजे त्यांना डबा बांधून निघावं लागतं, त्यामुळे कॉलवर भेटणं त्यांना पटलं. पैसे पटेनात. "आमच्या वेळी गोष्टी फुकट असत."

"म्हणूनच अर्ध्या राहायच्या, आत्या," पडद्यावरची मुलगी म्हणाली. "सांगणाऱ्याला झोप लागायची."

ही समीना. तिशीची, जाड चष्मा, मागे भिंतीवर ओळीने घड्याळं, कारण वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान आणि खाली दुकान वर घर. हेच तिचं काम, आठवड्याला चार-पाच टोळ्यांना राक्षसांच्या तोंडी द्यायचं. कुंदाताईंना तोडीस तोड कुणी भेटलं की त्या आधी कौतुकाने मारायला बघतात. "ळ किती स्वच्छ गं तुझा! छान मराठी बोलतेस."

"खापरपणजोबांपासून पुण्यात आहोत, आत्या. तुम्ही?"

कुंदाताई आणि शिरीष मूळचे सासवडचे. ताई घोटभर पाणी प्यायल्या. मला ती मुलगी त्या क्षणी आवडली.

सोंगं ठरली. मी चोर झाले, कारण आयुष्यभर एका औषध कंपनीचे हिशेब चोख ठेवून मला कंटाळा आला होता. ताई सेनापती झाल्या, त्यांच्यात फार बदल करावा लागला नाही. मुक्ता वैद्य. शिरीषने नाव लिहिलं आणि धंदा या रकान्यापुढे 'वाटसरू' लिहिलं.

"काका, वाटसरूला काहीच येत नसतं," समीना म्हणाली. "तलवार नाही, मंत्र नाही."

"चालेल."

एकाच खोलीत दोघं बसलो की आवाज घुमायचा, म्हणून तो बेडरूममध्ये लॅपटॉप घेऊन आणि मी स्वयंपाकघरात मोबाईल डब्याला टेकवून. एका भिंतीच्या दोन बाजूंना बसून आम्ही नवरा-बायको एकाच जंगलात हिंडत होतो.

समीनाने फार सुरेख सुरुवात केली. डोंगरातलं गाव, आटलेला झरा, कड्याच्या पोटात पाणी अडवून ठेवलेलं. तिने आवाज खाली आणला आणि मला खरंच मातीचा वास आला, किंवा शेजारी आमटी लागत असेल. "तुम्ही चढून वर येता. समोर दगडी दार आहे. बंद. कुंदाआत्या, तुम्ही काय करता?"

"मी?" ताई सावरून बसल्या. "मी हायस्कुलातून रिटायर झाले. सकाळी हास्यक्लब असतो. संध्याकाळी भजनी मंडळ."

"तसं नाही आत्या. दारासमोर काय करता?"

"दारासमोर? रांगोळी काढते."

मुक्ता बंगळुरात खुर्चीवरून पडायची राहिली. मी पदर तोंडात कोंबला. समीना मात्र गंभीर. "ठीक. आत्यांनी रांगोळी काढली. फासा टाका." अठरा पडले. म्हणजे रांगोळी अप्रतिम झाली. दार काही उघडलं नाही. मी कडी शोधली, मुक्ताने दाराला कान लावला. आणि मग समीना म्हणाली, "शिरीषकाका, तुम्ही काय करता?"

शिरीषची चौकट काळी झाली. थोड्या वेळाने फोनवर निरोप आला, 'नेट गेलं.' आमच्या घरात नेट एकच आहे आणि माझ्या मोबाईलवर समीनाच्या मागची सगळी घड्याळं मला लख्ख दिसत होती. मी भिंतीकडे बघत बसले. पलीकडून खुर्चीचा आवाजसुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी मी समीनाला फोन केला. नोकरीचं सांगितलं. म्हटलं, "त्याला तेवढा तो प्रश्न नको विचारूस, बाई."

"काकू, खेळात दुसरं वाक्यच नाही हो. मी गोष्ट आणून दारात ठेवते, पुढचं तुम्ही. सगळा खेळ त्या वाक्यावर आहे." मग जरा थांबून म्हणाली, "मलाही लग्नात विचारतात. तू करतेस तरी काय? मी सांगते, कॉम्प्युटरचं काम. लोकांना राक्षसांच्या तोंडी देते आणि त्याचे पैसे घेते, हे खालांना, मावश्यांना, कसं सांगू?"

"मग तुला कळायला हवं."

"कळतंय ना. बघते."

मी आगाऊपणा केला असं कुणाला वाटेल. मला नाही वाटत, आजही नाही. समोरचं माणूस पाय धरून ओरडत असताना आधी काटा काढायचा, पाय तपासत बसायला मी काही डॉक्टर नाही.

तर पुढचे रविवार बरे गेले. त्या थंडीतले ते रविवार मला चवीसकट आठवतात. मटारचा मोसम, मी चोरी करता करता शेंगा सोलायची. ताईंचा कुकर नेमका लढाईत शिट्टी द्यायचा, आणि एकदा समीनाने त्या शिट्टीलाच राक्षस करून टाकलं, तर ताई घाबरून खरोखर गॅस बंद करायला धावल्या. शिरीष बोलायला लागला होता, थोडं. मधूनच भिंतीपलीकडून त्याचं हसू आधी यायचं आणि मग मोबाईलमधून तेच हसू परत, शिळं. मला दोन्ही पुरायचं. समीना सगळ्यांना विचारायची, "तुम्ही काय करता?" आणि त्याच्यापाशी आली की नुसतं, "मग, काका?"

ते दार काही उघडत नव्हतं. आम्ही त्याच्याभोवती तळ ठोकला होता. ताईंनी तर शेजारी तुळस लावली होती.

आणि एका रविवारी समीना म्हणाली, "मग, काका?" आणि शिरीष म्हणाला, "मला का नाही विचारत?"

"काय, काका?"

"सगळ्यांना विचारता, तुम्ही काय करता. माझ्यापाशी आलं की 'मग'. मृदुलाने सांगितलं का?"

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. मुक्ता म्हणाली, "बाबा, अहो—"

"नाही, विचारा मला. पैसे दिलेत तुम्हाला." एवढा मोठा आवाज मी जूनपासून ऐकला नव्हता. मोबाईलमधूनही आला आणि भिंतीतूनही.

समीनाने चष्मा वर केला. "समोर दगडी दार आहे. बंद. शिरीषकाका, तुम्ही काय करता?"

"काही नाही," शिरीष म्हणाला. "मी काही करत नाही. जूनपासून काही करत नाही. काढलं मला. सकाळी उठतो, आंघोळ करतो आणि बसतो."

सगळ्यांची नजर ताईंच्या चौकटीकडे. ताई नाकावरचा चष्मा काढून पुसत होत्या. पुसून झाला, लावला.

"गाढवा," ताई म्हणाल्या, "मला माहितीये."

"तुला कुणी सांगितलं?"

"तूच. वर्षानुवर्षं मी तुला रोज फुलांचं गुड मॉर्निंग पाठवते. कधी एक अक्षर नाही पाठवलंस. जूनपासून रोज उत्तर, वर दोन हात जोडलेले! नोकरीवरचा माणूस गुड मॉर्निंगला उत्तर देतो का रे?"

"मग बोलली का नाहीस?"

"मला वाटलं, सांगेल. मी मोठी आहे, मी का विचारू?" त्यांचा आवाज जरा हलला, मग ताळ्यावर आला. "आणि कुणालाही सांगितलेलं नाही. हडपसरात एका माणसाला विचार."

भावाच्या हडपसरच्या सिद्धांताबद्दल त्यांना कुणी सांगितलं, देव जाणे. मला इतकं भरून आलं की मी मटारात नाक शिंकरायची राहिले.

समीना मात्र जागची हलली नव्हती. तिने कुणाचं सांत्वन केलं नाही, घाई केली नाही. उत्तर पूर्ण येईपर्यंत थांबली आणि मग म्हणाली, "ठीक. काका दारासमोर बसलेत आणि काही करत नाहीत. फासा टाका."

"काही न करायला फासा?"

"टाकावा लागतो."

भिंतीपलीकडे फासा गडगडला. "तीन," शिरीष म्हणाला.

"तीन!" ताई ओरडल्या. "अरे, काही न करण्यातसुद्धा नापास!"

आधी भिंतीतून हसू आलं. मोठं, ठसका लागेपर्यंत. मग मुक्ता, मग मी, मग समीनाच्या मागून तिचे वडील डोकावले, काय झालं म्हणून. "तीन म्हणजे तुम्हाला बसणं जमत नाही, काका," समीना डोळे पुसत म्हणाली. "हात शिवशिवतायत. आता तुम्ही काय करता?"

"उठतो," तो म्हणाला. "ताईची रांगोळी पुसली जाणार नाही अशा बेताने उठतो आणि दाराला धक्का देतो." दार त्या रविवारी उघडलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

पण त्या दोन रविवारांमधल्या गुरुवारी एक लग्न होतं आणि ताईंनी फर्मान काढलं की शिरीष येणार. तो आला. इस्त्रीचा कुर्ता, चेहरा परीक्षेला निघाल्यासारखा. स्कूटरवरून उतरताना म्हणाला, "खरं सांगणार आहे." मी म्हटलं, "सांग." दारात बाळूकाका, तपकिरी जाकीट.

"अरे शिरीष! जर्मनीहून कधी आलास? काय करतोस सध्या?"

आजूबाजूच्या चारजणी वळून बघायला लागल्या. शिरीषने श्वास घेतला आणि स्पष्ट आवाजात म्हणाला, "जर्मनीला गेलोच नव्हतो, काका. नोकरी गेली माझी. जूनमध्ये. घरी असतो. शोधतोय, मिळत नाहीये."

"वा वा वा!" बाळूकाका म्हणाले. त्यांची नजर आमच्या मागून येणाऱ्या एका बाईवर गेली होती. "छान, छान! असंच पाहिजे. आता आधी जेवून घ्या, मठ्ठा फर्स्ट क्लास झालाय. काय अनिता! एकटीच? मिस्टर काय करतात सध्या?"

शिरीष जागीच उभा. मग माझ्याकडे वळला. "ऐकलंस?"

"ऐकलं."

"दाढ काढायची होती मला, मृदुला. या माणसाला घाबरून मी दाढ नाही काढली."

मला हसू आवरेना. आणि हसता हसता रागही आला, बाळूकाकांचा नाही, त्या सगळ्या महिन्यांचा. ज्या उत्तराला भिऊन आम्ही घरात दडी मारली, ते ऐकायला इथे कुणाला वेळच नव्हता. थांबून ऐकलं ते एका घड्याळजीच्या मुलीने, पैसे घेऊन का होईना. शिरीषने मग सपाटाच लावला. नवरीच्या वडिलांना सांगितलं, ते म्हणाले, "जेवल्याशिवाय जायचं नाही हं." वाढप्याला सांगितलं, त्याने मात्र वाटी खाली ठेवली, म्हणाला, "माझ्या भावाचंही तसंच झालं साहेब," आणि दोन जिलब्या जास्त वाढल्या.

परत येताना सिग्नलला स्कूटर थांबली. माझ्या मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि अक्षतांचे चुकार दाणे. ऊन छान होतं. मला वाटलं, आता सुटलो, आता उरलेली सगळी लग्नं दोघं मिळून खाऊ.

"पुढचं कुणाचं आहे?" त्याने विचारलं.

"माझ्या मावसबहिणीच्या मुलाचं. रविवारी सकाळी."

"रविवारी?" त्याने हेल्मेटची काच वर केली आणि मागे वळून माझ्याकडे बघितलं. "मग तू जाऊन ये. रविवारी मला काम असतं."